लोह कमी असलं की ट्रेकमध्ये दम लागतो का? माझं हिमोग्लोबिन १२.१ आहे, डॉक्टर नॉर्मल म्हणतात. डिसेंबरात कळसूबाई करायचंय.

लागतो. आणि 'रिपोर्ट नॉर्मल, मग नाटकं कशाला' असं तुम्हाला कोणी म्हटलं असेल, तर त्या माणसाला मी न भेटताच ओळखते. आमच्या ग्रुपात तसे एक भाऊ आहेत.

महाशिवरात्रीच्या सुमारास पचमढीला, चौरागडावर गेलो होतो. नागपूरकरांना काय सांगायचं, तेराशेच्या आसपास पायऱ्या, आणि त्या दिवसांत अख्खा विदर्भ खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढत असतो. सपाटीवर मी ठणठणीत. चढ लागला की थोड्याच पायऱ्यांत मांड्या भरून यायच्या, धडधड कानात ऐकू यायची. साठीतल्या बाया त्रिशूळ घेऊन पुढे निघून गेल्या. वरून भाऊ ओरडले, "काहून बसल्या ताई? फुटाळा तलावाच्या चकरा वाढवा!" चकरा मी त्यांच्यापेक्षा जास्त मारत होते. परतीच्या गाडीत सगळ्यांसमोर "बायकांचं मनाचंच जास्त राहते" हेही ऐकवलं, वर बीट-गुळाचा उपदेश.

माझं हिमोग्लोबिन तेव्हा १२.४. पुढे अंगावरून जास्त जातं म्हणून दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करायला लावलं. आलं ९. मोठ्यांमध्ये १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. शरीर आधी एफडी मोडतं, हिमोग्लोबिनचा घरखर्च शेवटपर्यंत चालू ठेवतं, म्हणून सीबीसी, म्हणजे नेहमीची रक्ततपासणी, साळसूद दिसते. पण लोह फक्त रक्तात लागत नाही. स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या मायोग्लोबिनला लागतं, पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या एन्झाइमांनाही लागतं. सपाटीवर हे निभावतं, चढावर उघडं पडतं.

गुळाचं म्हणाल तर, त्यात लोह असतं तेही थोडं, आणि वनस्पतीजन्य लोह अंगी लागतं त्याहून थोडं. तर्री पोह्यावर लगेच चहा मारला की तेही गेलं. गोळी उपाशीपोटी, सोबत लिंबू किंवा संत्रं. चहा-कॉफी दीड-दोन तास लांब. रोजच्याऐवजी दिवसाआड घेतली तर काहींना पोटाला सोसते आणि शोषणही बरं होतं. ते डॉक्टरांना विचारा. शौचाला काळं होतं, घाबरू नका.

डिसेंबरचं: आत्ता सुरू केलं तर काही आठवड्यांत फरक जाणवू शकतो, साठा भरायला मात्र तीनेक महिने सहज जातात. कळसूबाई १६४६ मीटर, तिथली हवा त्रास देण्याइतकी विरळ नाही, चढच काय तो दमवेल.

हां, पण फेरिटिन न करता स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका. आपल्याकडे विदर्भात सिकलसेल आहे, थॅलेसेमियाही असतो. रक्ताच्या या आनुवंशिक आजारांत हिमोग्लोबिन कमी असलं तरी लोह भरपूर असू शकतं. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं जास्त दिसतं. आणि दम लागण्यामागे थायरॉइड, बी१२, दमा, हृदय, काहीही निघू शकतं.

पुरुषांचं लोह कमी निघालं तर पोटातून कुठे रक्त जातंय का, ते बघावं लागतं. भाऊंना सांगितलं. "आम्हाले काही होत नाही," म्हणे. हल्ली चढावर फोटो काढायला फार थांबतात.