‘मम्मी, मी जाडी दिसते का?’

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेदहा वर्षांची आहे, पाचवीत. या वर्षात तिचं अंग एकदम भरलं. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती, सगळं खानदान जमलेलं, तिथे माझी नणंद सगळ्यांसमोर तिला म्हणाली, ‘‘कोणत्या चक्कीचं पीठ खाते वं तू?’’ सगळे हसले, पोरगी पण हसली. पण तेव्हापासून भाकरी अर्धीच खाते, कबड्डी सोडली, ऊन तापायला लागलं तरी अंगातलं जॅकेट काढत नाही. रोज विचारते मम्मी मी जाडी दिसते का, मी म्हणते नाही गं, तर तिला पटत नाही. सासूबाई म्हणतात बरंच आहे, कमी खाऊ दे. काय करू?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बघू. मुली साधारण 8 ते 13 या वयात वयात यायला लागतात, त्यात मांड्या-कंबर भरणारच, उंचीही याच काळात झपाट्याने वाढते, म्हणजे शरीराला खायला लागतं नेमकं तेव्हाच ही पोर अर्ध्या भाकरीवर उठतेय. वजन खरंच जास्त आहे का ते नणंदेच्या नजरेवरून ठरत नाही, बालरोगतज्ज्ञाकडे जा, त्यांच्याकडे वय-उंची-वजनाचा तक्ता असतो (इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा 2015 चा, 5 ते 18 वर्षांसाठीचा). आणि समजा निघालंच जास्त, तरी तिच्या एकटीच्या ताटातलं कमी करायचं नाही, मग शेव, केळीचे वेफर्स, कोल्ड्रिंक सगळ्या घराचंच कमी होईल, पप्पांचं पण.

आता जॅकेट. मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. या वयात छाती दिसायला लागते, दुखते पण, आणि पोरी ते लपवायला जॅकेट घालतात, पाठीत वाकून चालतात. कबड्डीत पकड झाली की टी-शर्ट वर सरकतो, मग पोरं बघतात, मग खेळच नको. तिला विचारून बघा, पण सगळ्यांसमोर नको, रात्री केस विंचरताना वगैरे. तसंच असेल तर स्लिप किंवा बिगिनर्स ब्रा घ्या, खेळायला जरा लांब आणि सैल टी-शर्ट, दुकानात बाई असेल तिथेच जा, आणि काउंटरवर ‘हिला मोठा साईज लागतो हो’ असं ओरडू नका प्लीज. पाळीबद्दलही याच निमित्ताने बोलून घ्या.

‘नाही गं’ हे उत्तर मात्र बंद करा. त्यातून तिला एवढंच कळतं की जाड असणं म्हणजे काहीतरी वाईट आणि मम्मी मन राखतेय. त्यापेक्षा विचारा, कोणी काय म्हणालं का? आणि ती बोलली की मध्ये तोंड घालू नका. साडी नेसताना आरशापुढे ‘किती सुटले बाई मी’ म्हणायची आपल्याला सगळ्यांनाच खोड आहे, पोरी ते ऐकत असतात.

नणंदेला तुम्ही नका बोलू. बहीण तुमच्या मिस्टरांची आहे, फोन त्यांनी करायचा, भांडण न करता, ‘तुझा जीव आहे तिच्यावर, पण तिच्या अंगावरून बोलू नको, पोरीने जेवण कमी केलंय.’ बहुतेक आत्या यावर गप्प होतात. आणि परत कुठल्या लग्नात कोणी सुरू केलंच तर तिथल्या तिथे पोरीच्या देखत सांगा, ‘तिच्या तब्येतीचं आम्ही बघतो, तुम्ही जेवा.’ जरा वाईट दिसलं तर दिसू द्या.

पण जेवण टाळायला लागली, चक्कर येतेय, जेवून झालं की बाथरूममध्ये जाऊन उलटी करते किंवा वजन उतरतंय असं दिसलं, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या आणि अर्ध्या भाकरीचं, जॅकेटचं सगळं त्यांना सांगा, फक्त वजन सांगून येऊ नका.