यादीतलं थोडं कमी कर

सोलापूर

प्रिय मुली,

ख्रिस्तामध्ये सलाम.

आपल्या चर्चच्या तरुण संघाच्या नेपाळ दौऱ्याची यादी मिळाली. पेन्सिली, फुगे, टॉफ्या, तोंडाला फासायचे रंग, बाहुल्यांचा खेळ, ॲक्शन साँग्ज, आणि सगळ्यात खाली ‘अनाथाश्रमात दोन दिवस’. काही राहिलंय का, असं विचारलंस. राहिलं काहीच नाही, उलट काढावं लागेल. त्या दोन दिवसांपासून सुरुवात कर.

कारण सांगते. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. दलाल खेड्यात जातात, शहरात चांगली शाळा मिळेल असं सांगून आईबापांकडून पैसे घेतात आणि पोराला आणून ठेवतात. हे आश्रमही बहुतांश काठमांडू खोरं, चितवन आणि पोखराच्या बाजूला, म्हणजे पाहुणे फिरतात तिथंच. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर हा प्रकार बोकाळू नये म्हणून तिथल्या सरकारला पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली होती. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांचा ठराव केला, त्यातही अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवक-पर्यटनाचा उल्लेख आहे. सगळेच आश्रम वाईट नसतात, मान्य. पण दोन दिवसांत तुम्हाला त्यातला चांगला कुठला ते कळणार नाही, आणि तुम्ही नेलेल्या पाकिटाने वाईट आश्रमही आणखी वर्षभर चालेल.

आमच्या लहानपणी बोर्डिंगमध्ये नाताळाच्या सुमारास परदेशी पाहुणे यायचे. आठवडाभर आधीपासून आमची गाण्याची तालीम चालायची, केसांना तेल चोपडायचं, रांगेत उंचीप्रमाणे उभं करायचं. पाहुण्या बाया धाकट्या मुलींना मांडीवर घ्यायच्या, फोटो काढायच्या. त्या गेल्या की रात्री त्याच मुली रडायच्या आणि मेट्रनबाईंना झोप नसायची. एका वर्षी मात्र एक बाई आल्या त्यांनी आमच्याकडे फारसं पाहिलंच नाही. कोपऱ्यात बंद पडलेलं शिवणयंत्र त्यांनी खोललं, साफ केलं, तेल घातलं आणि मेट्रनबाईंना ते तीनतीनदा खोलायला-जोडायला लावलं. पुढं आमचे सगळे फ्रॉक त्या यंत्रावर शिवून झाले. त्या बाईंचं नाव आम्हाला कोणी सांगितलं नाही.

तुम्ही तेच करा. तुमच्यात दोघी नर्सिंगच्या आहेत, एक डी.एड. झालेली, दोघे मोबाईल दुरुस्त करतात. तिथल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, संडे स्कूल शिक्षकांना आणि मुलांच्या आयांना काय हवंय ते आधी विचारा आणि तेवढंच द्या. जखम कशी धुवायची, जुलाब झालेल्या लेकराला जलसंजीवनी कशी द्यायची, टाकाऊ कागदातून गणिताचं साहित्य कसं करायचं, असलं काहीही चालेल. मुलांशी खेळा, जरूर खेळा, पण तिथली एक शिक्षिका कायम सोबत असू दे. एकट्या मुलाला घेऊन कुणी खोलीत किंवा फिरायला जायचं नाही, हा नियम कमिटीकडून लेखी करून घे.

आपल्याकडेही हेच टिकलं. 1813 साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची माणसं पुढं सोलापुरात पोचली, मराठी शिकली, वर्षानुवर्षं राहिली. मेरी हार्डिंग बाईंच्या नावाच्या बालवाडीला जोडून बालशिक्षिका घडवण्याचं काम चाललं, म्हणून बाया बदलल्या तरी वर्ग भरत राहिले. तुमच्याकडे आठवडाभरच आहे, तेव्हा तो मोठ्या माणसांवर खर्च करा.

मग जायचंच कशाला, पैसे पाठवा, असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच. माझं मत तसं नाही. तुम्ही जावं. कायद्याच्या धाकात राहूनही उपासना न चुकवणारी मंडळी आपल्या पोरांनी डोळ्यांनी पाहावी. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करणं, त्याला उत्तेजन देणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तेव्हा पत्रकं नकोत, शाळेच्या आवारात गीतं नकोत. तुम्ही आठ दिवसांत परत याल. चौकशीला पोलीस ठाण्यात बसतील ते तिथले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू.

बारीकसारीक गोष्टी. उपासना तिथं शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टी शनिवारची. तिकिटं त्या हिशोबाने काढा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका, तिहारमुळे शाळा बंद असतील. सीमेवर मोठ्यांचं आधार कार्ड धरत नाहीत, त्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घ्यावा. आपल्या शंभराला त्यांचे एकशे साठ मिळतात, म्हणून बाजारात उगाच शेठजी होऊ नका. साहित्य तिथंच विकत घ्या, इथून पोती वाहून नेण्यात काय हशील?

पैसे जमवायला महिला मंडळ कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा स्टॉल लावेल, ते माझ्याकडे लागलं. पण पडद्यावर रडणाऱ्या पोरांचे फोटो दाखवून अर्पण मागू नका. तुझ्या धाकट्या भावाचा शेंबडा फोटो कुणी काठमांडूत दाखवला तर तुला चालेल का? तिथून टाकायचे फोटोही आईबापांना विचारूनच.

आणि एक अट, जी तुम्हाला जाचक वाटेल. आपल्या सोलापुरातच, तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आयांची मुलं संध्याकाळी मोकळीच असतात. निघायच्या आधी तीन महिने दर शनिवारी त्यांचा अभ्यास घ्या. तेलुगू येत नसेल तर तिथल्याच एखाद्या मोठ्या मुलीला मदतीला घ्या, काठमांडूतही असंच करावं लागेल. पहिल्या शनिवारी सगळे येतील, सेल्फी होतील. पाचव्या शनिवारी ऊन मी म्हणत असताना जे येतील, त्यांचीच नावं रेल्वेच्या तिकिटात घाल. पाळकसाहेबांचा मुलगा आला नाही तर त्याचंही नाव गाळ. त्यांच्याशी मी बोलेन.

कमिटी बसायच्या आत तिथल्या पाळकांच्या पत्नीला फोन लाव आणि त्यांची गरज काय ते ऐकून घे. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे, फार उशिरा करू नकोस. त्या काय म्हणाल्या ते लिहून घेऊन रविवारी उपासनेनंतर मला भेट, मग नवी यादी करू.

तुझी,
संडे स्कूलची बाई