माझी गाडी दोन वर्षांची आहे. तुम्ही गाडीचा खर्च, सर्व्हिसिंग आणि इन्शुरन्स-पीयूसीच्या तारखा कशा लक्षात ठेवता? एखादं चांगलं अॅप आहे का?

अॅप दोन वापरून पाहिली. दोन्ही महिनाभरात बंद पडली. म्हणजे अॅप नाही, मी बंद पडलो. आता डॅशबोर्डच्या खणात दोऱ्याने पेन बांधलेली शंभर पानी वही असते.

तुमची गाडी दोन वर्षांची आहे म्हणता, म्हणून आधी माझा गाढवपणा सांगतो. २०२१च्या नोव्हेंबरात नवी गाडी घेतली. शोरूमवाल्याने सांगितलं, "इन्शुरन्स तीन वर्षांचा आहे." मी निर्धास्त. २०२३च्या मे महिन्यात गुहागरला पाहुण्यांकडे गेलो आणि गाडी माडाखाली लावली. (कोकणातला माणूस लावत नाही. आम्ही घाटावरचे.) रात्री नारळ पडला, पुढची काच गेली, बॉनेटला खड्डा. क्लेमसाठी फोन केला तेव्हा कळलं, की तीन वर्षांचा असतो तो फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग एकाच वर्षाचा होता आणि तो संपून सहा महिने झाले होते. काच, डेंटिंग, पेंटिंग सगळं खिशातून. वर ९० दिवस उलटून गेल्यामुळे पहिल्या वर्षाचा २० टक्के नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, आणि नवी पॉलिसी द्यायच्या आधी गाडीची तपासणी झाली ती वेगळीच.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर फक्त तारखा: ओन डॅमेज, थर्ड पार्टी, पीयूसी, माझं आणि बायकोचं लायसन्स. पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, नंतर बीएस-४ आणि बीएस-६ (ही धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानकं) गाड्यांना वर्षाचं मिळतं. त्याच तारखा दोघांच्या मोबाइलमध्ये महिनाभर आधीच्या लावल्यात. एकाने "नंतर बघू" केलं तरी दुसरा कटकट करतो.

बाकी पानांवर तारीख, किलोमीटर, काम, पैसे. किलोमीटर लिहिल्याशिवाय नोंदीला अर्थ नाही, कारण ऑइल बदलून किती चाललो ते त्यावरूनच कळतं. आमच्या गाडीला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमचं मॅन्युअल बघा.

पेट्रोलचं म्हणाल तर ५०० रुपयांचं टाकून अॅव्हरेज कळत नाही. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. ४१२ किलोमीटर चालली आणि २४.५ लिटर बसलं, तर १६.८. एकदा हा आकडा सलग दोन टाक्या १४च्या खाली आला. मेकॅनिकने चाक उचलून फिरवलं, तर मागचा ब्रेक धरून बसलेला. गाडी चालवताना मला काही जाणवलं नव्हतं.

तुम्ही वही घ्या, नाहीतर मोबाइलमध्ये शीट करा. पण आज घरी गेल्यावर आधी पॉलिसी काढा आणि ओन डॅमेजसमोरची तारीख बघा.