इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला पहिल्यांदा बसतेयस ना?
दहावीला मिळणारे वाढीव गुण तूर्तास विसर आणि आधी स्मरणचित्राकडे, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायच्या चित्राकडे बघ. बहुतेक मुलं तिथेच अडकतात. पाठ केलेलं जत्रेचं चित्र कुठल्याही विषयाला खपवतात, आणि ते लगेच कळतं. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं बस स्टॉपवर उभी राहून माणसं काढ. जड पिशवी धरली की तो खांदा खाली झुकतो, हे मला तिथेच दिसलं, क्लासमध्ये नाही. वस्तुचित्रात तांब्याचं तोंड लंबगोल दिसतं, त्याच्या कडांना टोकं आणू नकोस. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीकामात, पोस्टर कलर साईसारखा दाट ठेव, पातळ झाला की पट्टे उठतात. भूमितीला पेन्सिल टोकदार हवी, बस्स. आणि पाण्याचा डबा कागदापासून लांब ठेव. माझं अख्खं नक्षीकाम एकदा वाहून गेलंय!