माओरीत 'भाऊ' कोणता?

प्रश्न असा आला आहे: माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची भाषा; तिच्या कोशात 'भाऊ' शोधला की 'तुअकना', 'तेइना' आणि 'तुंगाने' असे तीन शब्द सापडतात, न्यूझीलंडमधले तरुण मात्र सर्रास 'ब्रो' म्हणतात. मग खरा शब्द कोणता, आणि जुने शब्द मागे पडले का?

'भाऊ'ला सरळ प्रतिशब्द नाही, म्हणूनच तीन सापडतात. बोलणारा पुरुष आहे की बाई, हे आधी कळावं लागतं. तुअकना म्हणजे बोलणाऱ्याच्याच लिंगाचं थोरलं भावंड, तेइना म्हणजे धाकटं. त्यामुळे पुरुषाचा तुअकना हा त्याचा थोरला भाऊ, पण बाईची तुअकना ही तिची थोरली बहीण! बहिणीचा भाऊ तो तुंगाने, भावाची बहीण ती तुअहिने. या दोघांत थोरलं-धाकटं पाहत नाहीत. मराठीत दीर फक्त बाईलाच असतो ना, तसाच माओरीत तुंगाने.

चुलत-मामे भावंडांनाही हेच शब्द चालतात. तिथे वयापेक्षा शाखा मोठी. थोरल्या भावाच्या शाखेतलं पोर वयाने लहान असलं तरी तुअकनाच ठरतं. (अनेकवचनाची गंमत: माओरीत बहुतेक नामं अनेकवचनात बदलत नाहीत, पण नात्याच्या काही शब्दांत स्वर लांबतो. एक तुअकना, अनेक तुआकना.)

आता बदलाकडे. माओरी मुलांच्या घरात इंग्रजी आली आणि तिच्याबरोबर 'ब्रदर' आला. त्याला बोलणारा कोण याच्याशी देणंघेणं नाही, वयाशीही नाही. 'ब्रो' त्याच्याही पुढे गेला. तो नात्याबाहेरच्यालाही चालतो. पण त्याने तुअकनाची जागा घेतली असं मला वाटत नाही. तुअकना घराबाहेर पडला आणि शाळेत गेला.

1982 साली कोहांगा रेओ, म्हणजे 'भाषेची घरटी' या नावाच्या माओरी बालवाड्या, सुरू झाल्या. तिथे लहान मुलं माओरी बोलतच वाढू लागली. आज अनेक शाळांत शिक्षिकेला 'फाएआ' म्हणतात. हा शब्द मुळात आईचा आणि आईच्या पिढीतल्या बायकांचा. शिक्षकाला 'मतुआ', म्हणजे बाप किंवा काका. आणि जाणत्या विद्यार्थ्याने नवख्याला शिकवायचं, या पद्धतीचं नावच 'तुअकना-तेइना'. या जोडीत मुलगा-मुलगीही चालतात, म्हणजे लिंगाची जुनी अट इथे गळाली. वयाने लहान मुलाला एखादी गोष्ट जास्त येत असेल, तर तेवढ्यापुरता तोच तुअकना! थोरलेपण जन्मावरून ज्ञानावर आलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. काळजी वाटते ती तुंगाने-तुअहिनेची. शाळेतल्या या जोडीत त्यांना जागा नाही. ते टिकायचे तर घरातल्या बोलण्यातच टिकतील.

म्हणून माओरीतून मराठीत आणताना तुअकनासमोर डोळे मिटून 'दादा' लिहू नका. बोलणारी बाई असेल तर ती 'ताई' आहे, आणि मजकूर शाळेचा असेल तर कदाचित दोन्ही नाही.