'सान्चोमे नो यूही'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: "'ऑलवेज: सनसेट ऑन थर्ड स्ट्रीट' हा जपानी चित्रपट पाहिला. तो 'सान्चोमे नो यूही' नावाच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेला आहे. त्यावर मराठीत लिहायचं आहे. 'तिसऱ्या रस्त्यावरचा सूर्यास्त' हे नाव चालेल का? की 'तिसऱ्या रस्त्यावरची कातरवेळ' जास्त बरं?"

मला दोन्ही पटत नाहीत. मी 'तिसऱ्या गल्लीची उन्हं' असं म्हणेन. नावातले तीनही शब्द इंग्रजीतून आपल्याकडे येताना थोडे थोडे झिजले आहेत, म्हणून मूळ जपानीपासूनच सुरुवात करू.

आधी 'चोमे'. हा रस्ता नव्हे. जपानी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो: शहर, मग 'चो' म्हणजे पेठेसारखा भाग, मग त्या भागाचा क्रमांक लावलेला तुकडा म्हणजे 'चोमे', मग 'बान' आणि 'गो', म्हणजे घरांचा गट आणि घर. रस्त्याचं नाव पत्त्यात बहुधा येतच नाही. बऱ्याच रस्त्यांना तिथे नावच नसतं. 'सान' म्हणजे तीन. शेवटच्या 'मे'चं चित्राक्षर 'डोळा' या अर्थाचं आहे, पण इथे डोळ्याचा काही संबंध नाही. तो क्रमवाचक प्रत्यय आहे, आपल्या 'तिसरा', 'चौथा', 'पाचवा' मधल्या 'रा', 'था', 'वा'सारखा. म्हणजे 'सान्चोमे' हा त्या वस्तीचा तिसरा भाग. तोक्योतल्या गिन्झा या बाजारपेठेचे असे आठ चोमे आहेत आणि चौथ्या चोमेचा चौक साऱ्या जपानला ठाऊक आहे. तिथे कुणी 'चौथा रस्ता' शोधत फिरला तर त्याला तो सापडायचा नाही.

तरी इंग्रजी भाषांतरकाराला पूर्ण दोष देता येत नाही. 'चो' हे मुळात लांबीचं मापही होतं, साधारण १०९ मीटर. एदोच्या काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, व्यापारी आणि कारागिरांच्या वस्तीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर असलेली घरं मिळून एक 'चो' होई. रस्ता मधोमध आणि वस्ती त्याच्या दोन्ही काठांना. १९६२च्या कायद्यानंतर पत्त्यांची नव्याने आखणी झाली, रस्ता ही दोन भागांमधली हद्द ठरली आणि चोमे हा चारही बाजूंनी रस्त्यांनी वेढलेला तुकडा म्हणून पक्का झाला. कथा मात्र बहुतांशी त्याआधीच्या दिवसांतली आहे. पहिला चित्रपट १९५८मध्ये घडतो, ३३३ मीटरचा तोक्यो टॉवर उभा राहत असताना.

आता मराठी शब्द. 'रस्ता' इथे अगदीच कोरडा आहे. रस्ता वाहनांचा असतो, त्याला माणसं नसतात. 'आळी' माझ्या मनात पहिल्यांदा आली. तांबट आळी, बुरूड आळी, कासार आळी या शब्दांत घरं आणि घरातली माणसं दोन्ही आहेत. पण आळीला आपण नाव देतो, आकडा देत नाही. 'तिसरी आळी' कानाला बनावट लागते. 'पेठ' फार मोठी, ती 'चो'च्या जागी ठीक. आकडा खपवून घेणारा शब्द म्हणजे 'गल्ली'. कोल्हापूरची राजारामपुरी पाहा: पहिली गल्ली, पाचवी गल्ली, आठवी गल्ली, हा रीतसर पत्ता आहे आणि तो सांगताना कुणाला काही वेगळं वाटत नाही. मुंबईच्या खेतवाडीतही तसंच, 'बाराव्या गल्लीचा गणपती' म्हटलं की पुढे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय 'गल्ली' या शब्दात जागा आणि माणसं एकत्र येतात. 'अख्खी गल्ली जमली' असं आपण म्हणतो, 'अख्खा रस्ता जमला' असं नाही. चित्रपटात सुझुकींच्या गॅरेजवाल्या घरी टीव्ही येतो आणि कुस्ती बघायला शेजारीपाजारी दाटीवाटीने लोटतात, तेव्हा तिथे जमते ती गल्लीच.

मधला 'नो' इवलासा आहे, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आपल्या 'चा-ची-चे'चं काम करतो. 'मधला', 'वरचा' हे अर्थही त्याच्या पोटात मावतात, म्हणून 'रस्त्यावरचा' हे व्याकरणाने चूक म्हणता येणार नाही. पण मराठीला इथे निवड आहे आणि ती नीट करावी. 'गल्लीतला गणपती' म्हटलं की नुसती जागा कळते. 'गल्लीचा गणपती' म्हटलं की वर्गणी, मांडव, रात्रीची जाग्रणं, सगळं त्यात येतं. या कथांमधलं संध्याकाळचं ऊन त्या वस्तीच्या मालकीचं असल्यासारखं आहे. मूळ मांगात त्या काल्पनिक वस्तीचं नावच 'यूही-चो' आहे. म्हणून मी 'गल्लीची' म्हणतो.

राहिला 'यूही', आणि खरी गंमत इथेच आहे. 'यू' म्हणजे संध्याकाळ, 'ही' म्हणजे सूर्य किंवा ऊन. त्याची जोडी 'आसाही'शी, म्हणजे सकाळच्या उन्हाशी. याच नावाचं वृत्तपत्र प्रसिद्ध आहे. 'सूर्यास्त' ही घडून संपणारी घटना आहे. 'यूही' ही वस्तू आहे, भिंतीवर पडलेली दिसते, माणसाच्या पाठीवर जाणवते. शिवाय मराठीत 'अस्त' शब्दाला शेवटाचा वास आहे: साम्राज्याचा अस्त, युगाचा अस्त. 'कातरवेळ' तर त्याहून दूर जाते, कारण तिच्यात हुरहूर आणि एकटेपण आहे. तिन्हीसांजेला मन उगाच कातर होतं, ती ही वेळ. या कथांमधल्या संध्याकाळी पोरं मातीने माखून घरी परततात आणि शेजारच्या स्वयंपाकघरातून वास येतो. तिथे हुरहूर नाही असं नाही, पण ती ज्याच्या त्याच्या मनात आहे, उन्हात नाही.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे आणि तो अनेकवचनी आहे: 'उन्हं'. 'उन्हं कलली', 'उन्हं उतरली', 'कोवळी उन्हं'. हा काही पक्का नियम नाही, 'उन्हं डोक्यावर आली' असंही आपण म्हणतोच. पण भर दुपारी घाम काढतं ते 'ऊन' आणि कौलांवरून तिरपी खाली येतात ती 'उन्हं', हा फरक कानाला बरोबर समजतो.

अनेकवचनाचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मांगाच्या घडणीत आहे. र्योहेइ साइगान यांची ही कथामाला शोगाकुकान प्रकाशनाच्या 'बिग कॉमिक ओरिजिनल'मध्ये १९७४पासून येते आहे. पुस्तकरूपात तिचं नाव 'यूयाके नो उता' आहे. 'यूयाके' म्हणजे संध्याकाळचं आभाळ पेटल्यासारखं होणं, मूळ शब्दातच 'जळणं' आहे. प्रत्येक कथा स्वतंत्र आणि तिथल्या तिथे पुरी होणारी. आज एकाच्या घरची, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या घरची, काळ तोच, १९५५ ते १९६४च्या आसपासचा. म्हणून तिला कादंबरी म्हणू नका, चित्रकथांची माला म्हणा. अशा मालेत सूर्य एकदाच कसा मावळेल? तो प्रत्येक कथेत नव्याने कलतो. १९९०मध्ये या कथांची टीव्हीसाठी अ‍ॅनिमे मालिका झाली. मालिकेला हा सुटेपणा जपणं सोपं जातं. ताकाशी यामाझाकी यांनी २००५, २००७ आणि २०१२ साली तीन चित्रपट केले, त्यांत मात्र सुट्या कथा ओवून एक सलग धागा करावा लागला.

त्या ओवण्यात एक शब्दाचीही करामत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मांगात गॅरेजमध्ये काम शिकायला आलेला पोरगा आहे, 'रोकु'. चित्रपटात त्याच्या जागी उत्तरेकडच्या आओमोरीहून आलेली मुलगी आहे, मुत्सुको. 'सहा'चं एकच चित्राक्षर 'रोकु' असंही वाचतात आणि 'मुत्सु' असंही. त्यामुळे माणूस बदलला तरी अक्षर तेच राहिलं, आणि गल्लीतले सगळे तिला 'रोकु-चान' अशीच हाक मारतात ('चान' हा लाडाचा प्रत्यय). तिथल्या चागावा या लेखकाचं नावही असंच घडवलेलं आहे. अकुतागावा या थोर कथाकाराच्या नावातलं पहिलं अक्षर बदलून तिथे 'चहा'चं अक्षर बसवलं आहे, आणि लिहिताना ती दोन्ही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. याला मराठीत उतारा नाही. लेखात ही नावं आली तर कंसाबाहेर एक वाक्य खर्चून समजावा.

तुम्ही कदाचित म्हणाल, मांगाचं ठीक आहे, पण मला चित्रपटावर लिहायचं आहे आणि चित्रपटाच्या शेवटी सूर्य खरोखरच मावळतो. मावळतो, मान्य. सुझुकी कुटुंब उभं राहून त्याच्याकडे बघतं, मागे टॉवर पुरा झालेला आहे. पण त्यांचा छोटा मुलगा इप्पेइ तिथे काय म्हणतो ते आठवा: उद्याही, परवाही आणि पन्नास वर्षांनीही हे असंच सुंदर असणार. चित्रपटाच्या जपानी नावात रोमन लिपीतला 'ऑलवेज' आहे, तो कशासाठी ते मला त्या वाक्यात कळलं. त्याचं मराठी वेगळं करायची गरज नाही. 'उन्हं'च्या अनेकवचनात ते आलेलं आहे.