छोट्या ऑफिसात एकाला खोकला झाला की आठवड्यात सगळे आडवे होतात. कोणता एअर प्युरिफायर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की पंधरा बाय वीसची खोली आहे, नऊ माणसं, एक स्प्लिट एसी, आणि खिडकी आहे पण धूळ येते म्हणून कायम बंद. प्युरिफायरचं नंतर सांगतो, आधी त्या खिडकीचं बोलू. अशाच एका खिडकीवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं २०१८पासून वाजतंय.

सोलापुरात आमचं शाळेच्या गणवेशांचं शिलाईचं युनिट आहे. अकरा मशिनी, एक कटिंग टेबल, पोटमाळ्यावर काज-बटण. जानेवारी ते जून सीझन, तेव्हा मान वर करायला सवड नसते. २०१८च्या उन्हाळ्यात दादानं खिशावर शाळेचे बिल्ले काढायला कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन आणली. तिला धूळ चालत नाही म्हणून एसी आला, आणि गारवा बाहेर जातो म्हणून मागच्या खिडकीवर प्लायवूड ठोकलं. मी म्हटलं, निदान एक एक्झॉस्ट ठेवू. "एसीत कोण एक्झॉस्ट लावतं? बिल तू भरणार का?" विषय संपला.

२०१९च्या फेब्रुवारीत ओव्हरलॉकवरच्या, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशिनीवरच्या मावशींना खोकला लागला. तोंडाला पदर लावून खोकायच्या, की आमचं लक्ष जाऊ नये. मीच त्यांना दोनदा खडीसाखर आणि लवंगा आणून दिल्या. घरी बसा असं मात्र म्हणालो नाही. नगावर काम करणाऱ्या बाईला घरी बस म्हणणं म्हणजे चूल विझव म्हणणं, हे मला कळत होतं. शिवाय साडेचारशे पिनाफोर त्यांच्या मशिनीपाशी अडकले होते, तेही कळत होतं.

एप्रिलमध्ये त्या यायच्या बंद झाल्या. पाठोपाठ सरकारी आरोग्यसेविका आशाताई दारात. मावशींना टीबी निघालाय, इथल्या सगळ्यांनी तपासून घ्या. दादा म्हणाला, "जून होऊ दे." मीही होऊ दिला. ऑगस्टमध्ये माझं वजन सात किलो उतरलेलं, रोज संध्याकाळी कणकण. बेडका तपासला, टीबी. सहा महिने गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी भगवी झाली तेव्हा मी घाबरून दवाखान्यात फोन केला, तर सिस्टर हसल्या. औषधाचा रंग असतो तो. (औषधं सरकारी आणि फुकट असतात. आहारासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, आता १,००० झालेत. लाजू नका, घ्या.)

औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांपासूनचा संसर्ग थांबतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी गल्ल्यावर परत बसलो. मावशींच्या गोळ्या तर माझ्या आधी चार महिने सुरू झाल्या होत्या, पण दादा त्यांना परत घ्यायला तयार नव्हता. गिऱ्हाइकं काय म्हणतील! मी त्याच्याच शेजारी बसून गोळ्या गिळत होतो, ते गिऱ्हाइकांना दिसत नव्हतं.

त्याच सुमारास मी एक केलं, ते तुम्हीही आजच करा. देवापुढची उदबत्ती उचलली, ओव्हरलॉकच्या मशिनीवर धरली, एसी चालू. धूर सरळ वर गेला, एसीच्या झोतात सापडला, समोरच्या भिंतीला आपटून खाली वळला आणि माझ्या गल्ल्यावर येऊन बसला. तिथून परत वर. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा खोलीत वास तसाच. दादा म्हणाला, "उदबत्तीचा आणि टीबीचा काय संबंध?"

संबंध हाच की खोकल्यातले बारीक कण धुरासारखेच तासन् तास तरंगतात, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा गार करून परत तोंडावर मारतो. करोनाच्या सुरुवातीला, जानेवारी २०२०मध्ये चीनच्या ग्वांगजौमधल्या एका बिनखिडकीच्या हॉटेलात असंच झालं. एका एसीच्या झोतातली तीन टेबलं, तीन कुटुंबं, दहा जण आजारी.

आणि आमच्याकडे करोनात काय झालं? दाराशी पायानं दाबायचं सॅनिटायझरचं स्टँड, कपाळाला लावायची थर्मामीटरची बंदूक, मशिनीच्या पायांनासुद्धा फवारणी. प्लायवूड जागच्या जागी. करोना हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट लिहायला २०२१ उजाडलं, मग आमच्या दादाला एकट्याला काय बोलायचं. तरी बोलतोच. २०२१च्या दिवाळीनंतर तो गावाला गेला असताना मी सुतार बोलावून प्लायवूड काढलं आणि एक्झॉस्ट बसवला. बिल वाढलं, खरंय. मी भरतो.

आता तुमचं. तुमच्या खोलीची उंची दहा फूट धरली तर ३,००० घनफूट हवा, माणशी ३३३. १९४८च्या कारखाना कायद्यात माणशी १४.२ घनमीटर, म्हणजे ५०० घनफूट जागा धरली होती. तुमचं ऑफिस आहे, कारखाना नाही, पण फुप्फुसं तीच. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोग नियंत्रण संस्थेनं, २०२३मध्ये तासाला किमान पाच वेळा खोलीभर स्वच्छ हवा मिळावी असं सांगितलं. म्हणजे तुम्हाला मिनिटाला २५० घनफूट. एक्झॉस्ट त्यासाठी पुरतो, फक्त तो दाराच्या समोरच्या बाजूला लावा आणि दाराखालून नाहीतर जाळीतून बाहेरची हवा आत येऊ द्या. उघड्या खिडकीशेजारीच पंखा लावला तर तो तिथलीच हवा आत-बाहेर करत बसतो. धुळीचं म्हणाल तर खिडकीला जाळी लावा आणि रविवारी धुवा.

प्युरिफायर घ्यायचाच तर हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा), आणि सीएडीआर, म्हणजे तो किती स्वच्छ हवा देतो तो खोक्यावरचा आकडा, ताशी ४२५ घनमीटरच्या आसपास. आयन-बियन सोडणारे नकोत. तुमच्या रस्त्यावर फारच धूळ-धूर असेल तर प्युरिफायर खरंच कामाचा आहे, मी उगाच त्याच्यावर राग काढतोय. पण नऊ माणसांनी श्वास घेऊन कोंदटलेली हवा तो बदलत नाही.

आणि हे तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. खोकणाऱ्याचा पगार कापता का? कापत असाल तर तो खोकला लपवणार, मग कितीही यंत्रं लावा. आमच्याकडे आता आजारपणाचे सहा दिवस रोजच्या सरासरी नगांचे पैसे देतो. "लोक फायदा घेतील," दादा म्हणाला होता. एकानं घेतला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याच्या तपासणीला पाठवतो, तो दिवस भरपगारी.

एक कबूल करायला हवं. माझा टीबी मावशींकडूनच आला हे सिद्ध करता येत नाही. जंतू शिरल्यावर आजार उठायला महिने लागतात, कधी वर्षं, बहुतेकांना तर होतच नाही. बायको म्हणते, मी २०१८च्या दिवाळीतच खोकत होतो. म्हणजे मावशींच्या आधी. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही, आणि मावशींनाही. त्या आता दुसऱ्यांकडे परकर शिवतात. मी दोनदा बोलवायला गेलो, त्यांनी चहा दिला, आल्या नाहीत.

प्लायवूडचा तो तुकडा दादानं फेकू दिलेला नाही. कटिंग टेबलाखाली उभा करून ठेवलाय, मे महिन्यात लागेल म्हणून.